हँगरवरची साय

चकचकीत स्टील दिसलं की माझं डोकं फिरतं. शहागंजात भांड्यांच्या दुकानांवरून जाताना दारात टांगलेल्या कळशा, पराती उन्हात लखलखत असतात, आणि बरोबरची बाई म्हणते, "काय चमक आहे बघ!" मी मान फिरवते. घरातल्या चहाच्या पातेल्याचं ठीक आहे हो. ते गॅसवर चार मिनिटं बसतं आणि उतरतं. पण भट्टीत जाणारं स्टेनलेस स्टील कुणी घासून आरशासारखं केलेलं दिसलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. का, ते सांगते. शांतपणे सांगायला जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं आमचा कारखाना आहे. दुचाकीचे गिअर आमच्याकडं कडक करायला येतात. जमिनीत विहिरीसारखी खोल भट्टी, वर झाकण, आत लालबुंद उष्णता आणि कार्बनचा वायू. गिअर स्टेनलेसच्या जाळीदार टोपलीत भरायचे. टोपली एका जाड दांडीला लटकवायची, तिला आम्ही हँगर म्हणतो. मग वरच्या साखळीच्या यंत्रानं, म्हणजे हॉइस्टनं, ते सगळं भट्टीत सोडायचं. काही तासांनी टोपली लाल असतानाच वर काढायची, शेजारच्या तेलाच्या टाकीवर न्यायची आणि बुडवायची. भट्टीपासून टाकी काही लांब नाही. पण तेवढ्या वाटेत ते लाल वजन एका हँगरच्या भरवशावर लोंबकळत असतं, आणि त्याच्या शेजारून माणूस चालत असतो.

मी तिथं मेटलर्जीची डिप्लोमावाली. प्रयोगशाळा माझ्याकडं, आणि भट्टीत जाणाऱ्या टोपल्या-हँगरची तपासणीही माझ्याकडं.

स्टेनलेसला लोक न गंजणारं स्टील म्हणतात. साफ खोटं आहे. तेही गंजतं, फक्त स्वतःच्या फायद्याचं गंजतं. त्याच्यातला क्रोमियम हवेतला ऑक्सिजन धरतो, अंगावर एक पातळ थर चढवतो, आणि मग तोच थर बाकीच्यांना दार लावून घेतो. भट्टीच्या उष्णतेत टिकायचं तर हा थर नीट, एकसारखा धरलेला लागतो. म्हणून नवा हँगर आला की त्याला आधी रिकाम्या भट्टीत, नुसत्या हवेत, हळूहळू तापवायचं. एक अख्खी पाळी जाते त्यात. बाहेर निघतो तेव्हा चमक गेलेली असते, करडा-काळपट, मुका रंग आलेला असतो. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या विभागात, त्याला साय म्हणतात. "ताई, साय धरली का?" असं मला विचारायचे. साय असली की भट्टीतला कार्बन हँगरच्या अंगात शिरत नाही. साय गेली की शिरतो, आणि एवढं दणकट स्टील खारीसारखं ठिसूळ करून टाकतो.

हॉइस्ट चालवायचे मामा. वैजापूरकडचे. शेती भावाकडं, हे शहरात नोकरीला. वयानं मोठे, म्हणून सगळ्यांचेच मामा. मी लागले तेव्हा शॉपमध्ये एकटी बाई, त्यात माझं आडनाव ऐकून कोण ते सगळ्यांना कळलेलं. जेवायच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसेना. मामांनी एक दिवस आपला डबा उचलला, माझ्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाले, "ताई, तुमच्याकडं काय हाय? आमच्याकडं मामीचा ठेचा. लई जाळ असतो, जपून खा." तेव्हापासून आम्ही डबा वाटून खायचो. मामी मला भेटण्याआधी तिचा ठेचा भेटला होता. आणि तो हँगर मी रोज डोळ्यांत तेल घालून बघायचे, कारण त्याच्या शेजारून मामा चालायचे. एवढं साधं होतं ते.

आता खंडेनवमी. कारखान्यात खंडेनवमी म्हणजे मोठा सोहळा. आदल्या दिवसापासून मशिनी धुणं, पुसणं, आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा. प्रत्येकाला आपलं मशीन शेजाऱ्यापेक्षा देखणं दिसावं असं वाटतं. त्यात मला कधी काही खुपलं नाही. आम्ही बौद्ध. दसरा म्हणजे आमच्याकडं धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून, लेकरं घेऊन बुद्ध लेणीच्या पायथ्याशी जायचं, वंदना घ्यायची, त्या गर्दीत माहेरची सगळी माणसं एकदम भेटतात. म्हणून मी दसऱ्याला जोडून रजा घ्यायचे. जाताना मामांना न चुकता सांगायचे, "हार घाला, गंध लावा, नारळ फोडा. हँगरला फक्त कोरडं कापड. ब्रश लावायचा नाही." मामा म्हणायचे, "व्हय ओ ताई, दरसाल सांगता." आणि दरसाल ऐकायचे.

त्या वर्षी नवे मॅनेजर साहेब आले होते. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास, तोंडात सारखं 'प्रेझेंटेशन'. पूजेला गिऱ्हाईक कंपनीची माणसं येणार होती, फोटो निघणार होते. मी रजेवर गेल्यावर साहेबांनी शॉपमध्ये चक्कर मारली, हँगरकडं बघून नाक मुरडलं आणि म्हणाले, "हे काय काळं भंगार लटकवलंय? पाहुण्यांना हे दाखवणार?" मामा म्हणाले, त्याला साय म्हणतात, ताई नको म्हणतात. साहेब हसले. म्हणाले, "अहो, ती काजळी आहे. भट्टीतल्या वायूची काजळी. देवाला काय काजळी दाखवता?"

इथंच मामा फसले. कारण भट्टीत सायीवर काजळी बसते हे खरंच आहे. दोन्ही काळी. डोळ्याला फरक कळत नाही. आणि देवाचं नाव निघाल्यावर मामांचा हात मागं राहणार होय? साहेबांनी माणूस पाठवून ॲसिड मागवलं. कुठलं? संडास धुवायचं! लोखंडी तारांचा ब्रश ग्राइंडरला लावला, ॲसिड ओतलं आणि मामांनी जीव लावून अख्खा दिवस तो हँगर घासला. टोपलीही घासली.

दसरा झाल्यावर मी कामावर आले. दारातच झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल झाला होता. आत शिरले, तर मामा माझी वाट बघत उभे. चेहरा फुललेला. "ताई, इकडं या. बघा. आरसा केलाय आरसा! तोंड बघून घ्या."

मी बघितलं. हँगरमध्ये माझं तोंड दिसत होतं. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की "कपाळ माझं! कातडं सोलून ठेवलंत त्याचं!" असं ओरडले, आणि पलीकडच्या लेथवरची माणसंसुद्धा मान वळवून बघायला लागली. मामांचा चेहरा उतरला. हातातला पेढा त्यांनी खिशात घातला. मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं हो. पण समोर तेच होते.

आवाज ऐकून साहेब आले. मी त्यांना सांगितलं. साय गेली, आणि नुसती साय गेली असं नाही. साय धरताना वरच्या भागातला क्रोमियम वापरला जातो, त्यामुळं तिच्या खालचं स्टील आता दुबळं आहे, नव्या हँगरपेक्षाही दुबळं. त्यात या ॲसिडनं स्टेनलेसला बारीक छिद्रं पडतात, वेल्डिंगच्या जोडाला तडे जातात. हँगर बदला. बदलायचा नसेल तर जोड तपासू द्या आणि एक पाळी भट्टी रिकामी चालवून पुन्हा साय धरू द्या. त्याशिवाय भट्टीत घालू नका.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग सगळ्यांसमोर, गोड हसून म्हणाले, "मॅडम, तुमच्यात पूजा नसते, मला माहितीये. पण आमच्यात असते. लोकांच्या भावना जरा समजून घ्या. आणि आवाज खाली घ्या."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! मी बोलतेय क्रोमियमचं, हा माणूस काढतोय माझी जात. पूजेला कुणी हात लावला होता? हार तसाच होता, कुंकू तसंच होतं. मी तापमान सांगतेय, ॲसिड सांगतेय, जोड सांगतेय, आणि याला ऐकू काय येतंय, तर बाईला आमचा देव चालत नाही! आणि वाईट याचं वाटलं की आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. दहा वर्षं माझ्या हातचे रिपोर्ट घेणारी माणसं. मामांनी मान डोलावली नाही. पण वरही बघितलं नाही.

त्याच दिवशी हँगर भट्टीत गेला. माल अडकला होता म्हणे. भट्टी रिकामी चालवायला साहेबांना वेड लागलं नव्हतं म्हणे.

मामा दुसऱ्या दिवसापासून जेवायला माझ्या बाकावर आले नाहीत. लांब, पाण्याच्या टाकीजवळ बसून एकटेच खायचे. मीही गेले नाही. राग मलाही होताच. शॉपमध्ये कुजबुज सुरू झाली होती, मॅडमनी पूजेच्या वस्तूला नावं ठेवली, चांगलं व्हायचं नाही. ते माझ्या कानावर येत होतं आणि मी मूग गिळून बसत होते.

दिवाळी झाली. भट्टी पुन्हा सुरू झाली तसे टोपलीखाली काळे पापुद्रे पडायला लागले. मी एक पापुद्रा उचलला, नखानं दाबला, चुरा झाला. त्या दिवशी घरी गेल्यावर फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढलं आणि पर्समध्ये टाकलं. आमच्या हँगरच्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही. पण त्यात कार्बन शिरला, आतला क्रोमियम त्यानं खाल्ला, की चिकटायला लागतं.

सकाळी हँगर थंड होता. मी मामांना हाक मारली. ते आले, पण दोन हात लांब उभे राहिले. मी आधी कपाटातल्या नव्या, न वापरलेल्या हँगरला चुंबक लावलं. खाली पडलं. मग या हँगरला, वरच्या जोडापाशी लावलं. टक् करून बसलं. माझ्या पोरीनं रंगवलेलं लाल फुलपाखराचं चुंबक होतं ते. हँगरवर तसंच बसून राहिलं.

मामा दोन पावलं पुढं आले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी आत शिरलंय."

"शिरलंय," मी म्हणाले. "मामा, हा उचलू नका. नाही म्हणा."

"मी नाय म्हणलं तर दुसऱ्याला उचलाया लावतील," ते म्हणाले. "त्याला तर ह्येचं वजनबी म्हाईत नाय."

आणि मग मी साहेबांकडं गेले. नीट ऐका, कशी गेले ते. दार वाजवून गेले. खुर्चीवर बसायला सांगेपर्यंत उभी राहिले. आवाज खाली घेतला. अगदी हळू, गोड, जेवढं मला जमतं तेवढं गोड बोलले, कारण मागच्या वेळेला मी ओरडले आणि हँगरचा विषय पूजेवर गेला होता. चुंबक टेबलावर ठेवलं. म्हणाले, "सर, प्लीज, नवा हँगर कपाटातच आहे, एक पाळी फक्त." साहेब म्हणाले, "बघू, महिनाअखेर झाली की करू." बोलताना फुलपाखराशी खेळत होते. मी "थँक यू सर" म्हणून बाहेर आले. थँक यू! माझी जीभ झडायला हवी होती.

महिनाअखेर यायची होती. दुपारची वेळ, मी प्रयोगशाळेत नमुना घासत होते. आधी एक ठण्ण असा आवाज आला, मग भस्सकन जाळ झाल्याचा आवाज आणि माणसांचा आरडाओरडा. धावत गेले. हँगर जोडापाशी तुटला होता. टोपली टाकीच्या काठावर आदळून वाकडी होऊन अर्धी तेलात गेली होती, लाल गिअर फरशीभर पसरले होते, तेल उसळून पेटलं होतं. पोरांनी फोम मारून आग विझवली. मामा खांबाला टेकून बसले होते. डाव्या पायातला बूट पायाला चिकटला होता. ते ओरडत नव्हते. माझ्याकडं बघून म्हणाले, "दुसरं कुणी नाय ना लागलं?"

त्यांना गाडीत घालून पाठवल्यावर मी तुटलेला तुकडा बघितला. तडा जुना होता, आतून काळा पडलेला. दांडीच्या जवळजवळ सगळ्या जाडीत तो आधीच पसरला होता. फक्त एका कडेला, नखाएवढ्या जागेत, ताजं तुटलेलं स्टील होतं. तेवढंच काय ते चकाकत होतं. तेवढ्यावर त्या दिवसाचं सगळं वजन लटकलं होतं.

पुढचं ऐकून तुम्हालाही चीड येईल. मालकांसमोर बैठक झाली, तिथं साहेबांनी खापर मामांवर फोडलं. म्हणे हॉइस्टला झटका दिला असणार, वय झालंय, हात थरथरतो. मी तुकडा टेबलावर आपटला. ॲसिड कुणी मागवलं, चुंबक कुणाच्या टेबलावर आहे, सगळं मालकांच्या तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम भावनिक झाल्यात." मालकांनी नवा हँगर साय धरून वापरायचा हुकूम दिला, मामांचा दवाखाना कंपनी करेल असं सांगितलं, आणि साहेबांना? काही नाही. साहेब आजही आहेत. अत्तरही तेच आहे.

आणि शॉपमध्ये काय बोलत होते, ठाऊक आहे? मॅडमनी दसऱ्याला तोंडातून वाईट काढलं, ते मामांना भोवलं. त्यांच्या बोलण्यातून ॲसिड गेलं, ब्रश गेला, साहेब गेले, राहिलं काय तर माझं तोंड! माणसाला चीड आली तर किती यावी याला काही सुमार?

मामांना भेटायला दवाखान्यात गेले तेव्हा तीच कुजबुज माझ्याआधी तिथं पोहोचली होती. मामी कॉटच्या पायथ्याशी बसली होती. इतकी वर्षं जिच्या हातचा ठेचा खाल्ला, ती पहिल्यांदा समोर दिसत होती. तिनं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. मामांच्या पायाची तीन बोटं काढली होती. पायावर चादरीचा तंबू केला होता.

मामाच म्हणाले, "अगं, तिकडं काय बघती? ताईंनी मला सांगितलं व्हतं. लोहचुंबक लावून दाखिवलं व्हतं."

मामी झटक्यानं वळली. "कवा?"

"दिवाळी झाल्यावर."

"आन् तरी उचललं?" ती त्यांच्यावर खेकसली. मग ती माझ्याकडं वळली. "आन् तुमी? सायबाला सांगितलं नाय?"

"सांगितलं," मी म्हणाले.

"कसं सांगितलं?"

खरं तेच सांगितलं, "हळू सांगितलं."

तिचे डोळे कोरडे होते, नुसते तापलेले. "दसऱ्याला वरडल्या तुमी, समद्या शॉपाला ऐकू गेलं. गावापस्तोर बातमी आली. मंग चुंबक चिकटल्यावर का नाय वरडल्या? तवाच का हळू बोलल्या?"

मी तिला काय सांगणार होते? की माझ्या ओरडण्याची त्यांनी जात काढली, म्हणून मी पुढच्या वेळी गोड झाले? ते तिला कळलं असतं, मामीला सगळं कळतं. पण त्या पायासमोर ते बोलवेना. मी उठले, पाण्याची बाटली तिच्या जवळ सरकवली आणि बाहेर आले. जिना उतरताना राग डोक्यात होता, पण तो मामीवरचा मुळीच नव्हता.

मामा आता गेटवर असतात. हॉइस्ट चालवता येत नाही, उभं राहता येत नाही फार वेळ. स्टुलावर बसून गाड्यांचे नंबर घेतात. जेवायला मी गेटवर जाते. ठेचा तसाच जाळ आहे.

यंदा खंडेनवमीला मी रजा घेतली नाही. लेणीवर दसऱ्याच्या दिवशी जाईन म्हटलं, पण आदल्या दिवशी माझी जागा भट्टीपाशी. सकाळपासून हँगरजवळ खुर्ची टाकून बसले. छान साय धरलेला, करडा, मुका हँगर. पोरांनी हार आणला, मीच हात वर करून घालायला मदत केली. दुपारी साहेब आले, बरोबर कुणीतरी कॅमेरावाला. हँगरकडं बघितलं आणि एका पोराला म्हणाले, "ए, फक्त पुढची बाजू. दिसेल तेवढीच. जरा ब्रश मार."

मी उठले.

काय बोलले ते इथं लिहीत नाही. पूर्ण लिहिलं तर छापणार नाहीत. कॅमेरावाला मागं सरकला, पोरानं ब्रश खाली ठेवला, आणि साहेबांनी हात वर केला, "मॅडम, आवाज..." तेवढंच म्हणाले. पुढचं त्यांना म्हणता आलं नाही, कारण माझं अजून संपलं नव्हतं. हँगर तसाच राहिला, काळा, हारासकट. फोटोही तसाच निघाला.

सुट्टी झाल्यावर गेटवर गेले. घसा बसला होता. मामा स्टुलावरून मान वर करून बघत होते. बाहेर पैठण रोडवर ट्रकांची रांग लागलेली, हॉर्न चाललेले.

"ताई," ते म्हणाले, "ह्या गोंगाटातबी इथपस्तोर ऐकू आलं."

"मामींना सांगा," मी म्हणाले.